प्रश्न वाचकांचे : दिव्यातले अतिनील किरण आणि पेशीतला डीएनए

या वेळच्या पत्रांत एकच धास्ती पुन्हा पुन्हा दिसते : घरात, दुकानात, पार्लरमध्ये वापरायच्या उपकरणांतून अतिनील किरण बाहेर पडतात का, आणि पडत असतील तर त्यांनी जनुकं बिघडतात का? एकाच वळणाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. आधी एवढं लक्षात असू द्या. अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात : यूव्हीए (315 ते 400 नॅनोमीटर), यूव्हीबी (280 ते 315) आणि यूव्हीसी (100 ते 280). खोक्यावर नुसतं ‘यूव्ही’ छापलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. तरंगलांबी किती, अंतर किती आणि वेळ किती, हे तीन आकडे कळले तरच बोलता येतं.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी जेल नेलपॉलिश लावून घेते. पार्लरवाल्या ताई म्हणतात, त्यांचा दिवा ‘एलईडी’ आहे, यूव्ही नाही. पण या दिव्यांनी पेशी मरतात अशी बातमी मी वाचली होती. हे बंद करायला लावू का?

पार्लरवाल्या ताईंचं म्हणणं बरोबर नाही, पण त्यात त्यांचा दोष नाही. तो दिवा तसंच सांगून विकला जातो. जेल घट्ट होतं ते त्यातलं एक रसायन अतिनील किंवा अगदी जांभळ्या प्रकाशाने जागं होतं म्हणून. जुन्या दिव्यांत त्यासाठी छोट्या फ्लुरोसंट नळ्या असायच्या, आता एलईडी असतात. किरण बहुतेक त्याच पट्ट्यातले, साधारण 365 ते 405 नॅनोमीटरचे. एलईडीत ते ठरावीक तरंगलांबीभोवती दाटलेले असतात, त्यामुळे जेल लवकर सुकतं, इतकाच फरक. दिव्यावरचा ‘48 वॅट’ हा आकडाही फसवा आहे. दिवा वीज किती खातो ते त्यावरून कळतं, हातावर किती किरण पडतात ते कळत नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा जानेवारी 2023 मधली असावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हे काम छापलं. उंदराच्या आणि माणसाच्या पेशी बशीत वाढवून त्यांनी त्या नखांच्या दिव्याखाली ठेवल्या. एका 20 मिनिटांच्या सत्रात 20 ते 30 टक्के पेशी मेल्या. तीन दिवस रोज 20 मिनिटं ठेवल्यावर 65 ते 70 टक्के मेल्या. ज्या जगल्या त्यांच्या डीएनएमध्ये बदल सापडले, आणि त्यांत डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी ‘सी’च्या जागी ‘ए’ येण्याचा प्रकार जास्त होता. असा बदल ऑक्सिडेशनमुळे झालेल्या नुकसानीकडे बोट दाखवतो.

आता हे वाचून घाबरायच्या आधी दोन गोष्टी बघा. बशीतल्या पेशीवर मृत त्वचेचा थर नसतो, हाताच्या त्वचेवर असतो. आणि जेलचं काम 20 मिनिटं सलग चालत नाही. एका हाताला सगळे थर मिळून साधारण चार ते दहा मिनिटं लागतात. ‘या दिव्याने कर्करोग होतो’ असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. यूव्हीए जिवंत पेशीच्या डीएनएपर्यंत पोचला तर तिथे खूण ठेवतो, हे मात्र त्याने नीट दाखवलं. त्याआधी 2014 मध्ये एका अमेरिकी त्वचारोग नियतकालिकात पार्लरमधल्या 17 दिव्यांची मोजणी आली होती. एका भेटीत आठ मिनिटं धरली, तर डीएनएच्या नुकसानीसाठी मानलेल्या 60 ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या पातळीला पोचायला सर्वांत तीव्र दिव्याखाली 8 भेटी पुरत होत्या आणि सर्वांत मंद दिव्याखाली 208 लागत होत्या. आमच्या मते कामाची माहिती ही आहे. दिव्यादिव्यांत इतका फरक आणि बाहेरून बघून तो कळायला काही मार्ग नाही.

म्हणून बंद करायला लावायची गरज नाही. पुढच्या चार गोष्टी मात्र सांभाळायला लावा.

बोटांची टोकं कापलेले जाड, गडद रंगाचे, घट्ट विणीचे हातमोजे हा सर्वांत खात्रीचा उपाय. मोजा प्रकाशासमोर धरून बघा. आरपार उजेड दिसत असेल तर तो कामाचा नाही.

मोजे नसतील तर दोन्ही हातांना ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं) सनस्क्रीन, 20 मिनिटं आधी, आणि सढळ हाताने. नुसता एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो, इथे प्रश्न यूव्हीएचा आहे. घोळ नेहमी एका जागी होतो : हात धुऊन झाल्यावर सनस्क्रीन लावतात, मग स्पिरिटने नखं पुसताना बोटांवरचं सगळं पुसून निघतं. उलटपक्षी सनस्क्रीन नखाला लागलं तर जेल धरत नाही आणि चार दिवसांत कडेने सुटतं. त्यामुळे नखं सोडून लावायचं आणि पुसताना फक्त नखच पुसायचं.

तिसरी गोष्ट, वेळ आपल्या मनाने कमी करायचा नाही. इथे बरेच जण चुकतात. 60 सेकंदांचं जेल 30 सेकंदांत आटोपलं तर ते वरून घट्ट आणि आतून कच्चं राहतं. कच्च्या जेलमधली अ‍ॅक्रिलेट रसायनं त्वचेला लागत राहिली की अ‍ॅलर्जी होते, आणि ती एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे दातांत भरायच्या काही सिमेंटलाही ती आडवी येऊ शकते. किरण कमी करायचे तर थर पातळ द्यायचे, थरांची संख्या कमी ठेवायची आणि दोन वेळांमधलं अंतर वाढवायचं. दर तीन आठवड्यांऐवजी सणासमारंभापुरतं केलं तर सगळं गणितच बदलतं.

चौथी गोष्ट औषधांची. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तो कोर्स संपेपर्यंत जेल नकोच. या औषधाने त्वचा आणि नखाखालचा भाग यूव्हीएला हळवा होतो आणि नख खालच्या त्वचेपासून सुटूही शकतं. सोळाव्या वर्षी हे औषध बऱ्याच जणींना दिलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : अतिनील किरणांनी डीएनएला नेमकं काय होतं? शरीर ते दुरुस्त करत नाही का?

डीएनए 260 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वांत जास्त शोषतो. ती ऊर्जा आली की शेजारी बसलेली दोन थायमिन, म्हणजे ‘टी’ अक्षरं (किंवा थायमिन आणि सायटोसिन, म्हणजे ‘सी’) एकमेकांना चिकटतात, साखळीतल्या लगतच्या दोन कड्या वितळून जोडल्या जाव्यात तशा. त्या जागी धागा वाकतो. पेशी विभागताना नक्कल करणारं यंत्र तिथे अडखळतं आणि चुकीचं अक्षर बसवतं. ‘सी’च्या जागी ‘टी’, कधी लागोपाठ दोन ‘सीं’च्या जागी दोन ‘टी’, ही यूव्हीबी-यूव्हीसीची सही मानली जाते. त्वचेच्या गाठीत ती दिसली की किरणांचा हात ओळखता येतो.

यूव्हीएची चाल वेगळी. डीएनए त्याला थेट फारसा शोषत नाही. पण पेशीतली इतर रंगद्रव्यं शोषतात, त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात आणि ती ग्वानिनला (‘जी’ अक्षराला) ऑक्सिडाइज करतात. बिघडलेल्या ग्वानिनसमोर ‘सी’ऐवजी ‘ए’ येऊन बसतो. वर सांगितलेल्या बदलाचा उगम हा. शिवाय यूव्हीए खोल जातो, त्वचेच्या आतल्या थरापर्यंत. त्याउलट 254 नॅनोमीटरचा यूव्हीसी बहुतेक वरच्या मृत थरातच अडतो.

दुरुस्ती होते, आणि फार चोख होते. वाकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धागा कापून सुमारे 30 अक्षरांचा तुकडा काढला जातो आणि समोरच्या धाग्यावरून तो नव्याने लिहिला जातो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल अझीझ सान्जार यांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ही यंत्रणा जन्मतः बिघडलेली असेल तर काय होतं, ते ‘झेरोडर्मा पिग्मेंटोसम’ या आजारात दिसतं. अशा मुलांना साधं ऊनही सोसत नाही आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होतात. दोन्हींचा संबंध जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवला.

दुरुस्तीला मात्र वेळ लागतो. काही प्रकारच्या जखमा काही तासांत निघतात, थायमिनच्या जोड्या काढायला एक दिवस किंवा जास्त जातो. तेवढ्यात पुन्हा मारा झाला तर थकबाकी साठते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : यूव्हीएचा दिवा बंद झाल्यावरही मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) तयार करणाऱ्या पेशींत तीन तासांहून जास्त काळ नव्या जोड्या बनत राहतात, अंधारातसुद्धा. त्यामुळे एकाच दिवशी दोनदा किरण घेण्यापेक्षा मध्ये काही दिवस जाऊ दिलेले बरे.

प्रश्न : हे बिघाड पुढच्या पिढीत उतरतात का? मी गरोदर आहे आणि बिल काउंटरवर नोटा तपासायचं जांभळं यंत्र वापरते.

नाही. अतिनील किरण त्वचेत मिलिमीटरभरच शिरतात. बीजांडापर्यंत, शुक्रपेशींपर्यंत किंवा गर्भापर्यंत ते पोचत नाहीत. नुकसान झालंच तर ते उघड्या त्वचेचं आणि डोळ्यांचं. नोटा तपासायच्या यंत्रात साधारण 365 नॅनोमीटरचा छोटा दिवा असतो. दिव्याचं तोंड खाली हवं, समोरची पट्टी तुटलेली नको आणि नोट बघून झाली की दिवा बंद करायचा. तो दिवसभर चालू ठेवून त्याच्या उजेडात हात घालून काम करायची सवय तेवढी सोडा.

प्रश्न : टेबललॅम्पमध्ये सीएफएल आहे, अभ्यास करताना डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो. एलईडी लावू का? आणि जुना हॅलोजन लॅम्पही पडून आहे.

लावा. सीएफएलमध्ये पाऱ्याच्या वाफेतून 253.7 नॅनोमीटरचा यूव्हीसी तयार होतो आणि आतला पांढरा लेप त्याचं दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. नळीला पीळ देताना वळणांवर लेप तडकतो आणि त्या फटींतून थोडे किरण निसटतात. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या 2012 च्या अभ्यासात बाजारातल्या दिव्यांचे लेप असे तडकलेले आढळले आणि त्यांच्या उजेडात ठेवलेल्या त्वचेच्या पेशींना इजा दिसली. त्याआधी 2008 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेने सल्ला दिला होता, की उघडा पिळाचा दिवा 30 सेंटिमीटरहून जवळ, दिवसातून एक तासापेक्षा जास्त वापरू नये. छताला लावलेल्या सीएफएलबद्दल काळजी नको. तुमचा वीतभर अंतराचा दिवा मात्र नेमका या सल्ल्यात बसतो. बाहेरून दुसरा काचेचा किंवा दुधी प्लास्टिकचा गोळा असलेला सीएफएलही चालतो. ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते आणि ऊन सोसत नाही असा आजार) असलेल्यांनी तर उघडा पिळाचा दिवा जवळ ठेवूच नये.

पांढरा एलईडी म्हणजे 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप. त्यातून यूव्ही जवळपास शून्य. फोन, टीव्ही, संगणकाचा पडदा यांचंही तेच. रात्री फोन बघण्याने झोप बिघडत असेल, डीएनए बिघडत नाही.

हॅलोजनबद्दल मात्र जपून. त्याची कुपी क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ अतिनील अडवत नाही. इटलीतल्या जेनोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात उघडे हॅलोजन दिवे केसविरहित उंदरांवर चालवले, तेव्हा उंदरांना त्वचेच्या गाठी झाल्या. मध्ये काच किंवा प्लास्टिक ठेवल्यावर त्या टळल्या. तुमच्या लॅम्पवर पुढे काच असेल आणि ती फुटलेली नसेल तर वापरा. काच हरवली असेल तर दिवा बदला. उष्णतेने तडकलेली काच काढून ‘असाच चालतो’ म्हणत वापरलेले लॅम्प बरेच दिसतात.

प्रश्न : आमच्या दुकानात माश्या पकडायचं यंत्र आहे. नळी गेली म्हणून इलेक्ट्रिशियनने त्याच मापाची दुसरी बसवली. तेव्हापासून रोज रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि गाल तापल्यासारखे लाल होतात. काय कारण असेल?

हे वाचताच यंत्र बंद करा. तुमच्या यंत्रात माश्यांच्या नळीऐवजी जंतुनाशक (यूव्हीसी देणारी) नळी बसलेली असावी. दोन्हींची लांबी, जाडी, पिना सगळं एकसारखं असतं. 15 वॅटची टी-8 नळी दोन्ही प्रकारांत मिळते आणि एकाच होल्डरमध्ये बसते.

ओळखायचं असं. बंद नळी हातात घ्या. काच पाण्यासारखी आरपार असेल, आत कुठलाही पांढरा लेप नसेल, तर ती जंतुनाशक. टोकावरचा नंबर वाचा. ‘जी 15 टी 8’ असं ‘जी’ने सुरू होणारं काही असेल, ‘यूव्ही-सी’ किंवा ‘253.7’ लिहिलं असेल, तर खात्रीच झाली. माश्यांची नळी लेपाने पांढरट किंवा निळसर असते किंवा काच गडद जांभळी असते, आणि नंबर ‘एफ’ने सुरू होऊन पुढे ‘बीएल’ असतं. ‘जी 13’ दिसलं म्हणून दचकू नका, ते पिनांच्या मापाचं नाव आहे, दोन्हींवर असतं.

आकडे बघितले की तुमचा त्रास समजतो. 254 नॅनोमीटरला आंतरराष्ट्रीय मर्यादा आठ तासांत 6 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. 15 वॅटची अशी नळी एक मीटरवर सुमारे 48 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर देते. म्हणजे दोन मिनिटांतच दिवसाची मर्यादा संपली. दोन मीटरवर आठ-नऊ मिनिटांत. तिथेच आठ तास बसलात तर मर्यादेच्या 50 पटींहून जास्त. त्यात या यंत्रांमागे चकचकीत अ‍ॅल्युमिनियम असतं, ते यूव्हीसी उत्तम परावर्तित करतं आणि मारा समोर वाढवतं.

त्रास लगेच न होता रात्री होतो, कारण डोळ्याच्या बुबुळावरच्या पेशी मरून गळायला 6 ते 12 तास लागतात. म्हणून लोक दिव्यावर शंका घेत नाहीत, ‘थंडी बाधली’ म्हणतात. डोळे चोळू नका, काँटॅक्ट लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत थंड पाण्याची पट्टी ठेवा, कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. डोळा बधिर करणारे थेंब कोणी दिले तरी घरी वापरू नका, त्यांनी जखम भरत नाही. एक-दोन दिवसांत आराम पडायला हवा. न पडला, नजर धूसर वाटली, किंवा हे रोजचं झालं असेल (तुमचं झालंच आहे) तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘यूव्हीसी नळी’ हे शब्द सांगा. त्या दुकानात बसणाऱ्या सगळ्यांनाच विचारा.

डीएनएबद्दल बोलायचं तर तुमच्या कातडीला बसलेला मार बहुतेक वरच्या थरापुरता आहे आणि त्या पेशी झडून जातील. डोळ्याच्या बुबुळाला तसा मृत थर नसतो, म्हणून आधी तो सुजला. असे प्रकार इतरत्रही घडतात. नोव्हेंबर 2023 मध्ये हाँगकाँगमधल्या एका कार्यक्रमानंतर काही पाहुण्यांचे डोळे दुखू लागले होते, आणि आयोजकांनी एका कोपऱ्यातल्या यूव्हीए दिव्यांकडे बोट दाखवलं होतं.

प्रश्न : टूथब्रश, मोबाइल निर्जंतुक करायची पेटी आणि हातात धरायची कांडी घ्यावी का?

कांडी नको. तिचे दोनच प्रकार असतात. खरोखर यूव्हीसी देणारी कांडी हातात फिरवताना बोटांवर आणि डोळ्यांवर मारा करते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये काही कांड्यांबद्दल असा इशारा दिला होता. हात निर्जंतुक करायला यूव्ही दिवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही बजावलेलं आहे. दुसरा प्रकार भडक जांभळा दिसतो, तो 395 ते 405 नॅनोमीटरचा एलईडी. एवढ्याशा दिव्याने काही सेकंदांत जंतू मरत नाहीत. भडक जांभळा उजेड बघून लोक तो खरा समजतात. यूव्हीसी तर डोळ्यांना दिसतच नाही, दिसते ती पाऱ्याच्या नळीची फिकट निळी झाक.

पेटी चालेल, दोन अटींवर. तपशिलात 254 किंवा 265 ते 280 नॅनोमीटर असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि झाकण बोटभर उचलताच दिवा विझायला हवा. चेहरा बाजूला ठेवून हे घरी आणल्याबरोबर तपासा, विझत नसेल तर परत करा. किरण सरळ रेषेत जातात, ब्रशच्या केसांच्या सावलीत जंतू तसेच राहतात. ब्रश धुऊन उभा वाळवणं यापेक्षा फार मागे नाही.

प्रश्न : पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला यूव्ही दिवा पाण्यात काही सोडतो का? आणि नळी स्वतः बदलली तर चालेल?

पाण्यात काही उरत नाही. तिथे जंतूंच्या डीएनएमध्ये वर सांगितलेल्या थायमिनच्या जोड्याच पाडल्या जातात, आणि जंतूंना वाढता येत नाही. नळी पोलादी नळकांड्यात असते, म्हणून बाहेर काही येत नाही. नळी साधारण 9,000 तासांत, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभरात, बरीच मंदावते. निळा उजेड तेव्हाही दिसत राहतो, त्यामुळे ‘पेटतेय म्हणजे चालतेय’ हा हिशोब इथे लागू होत नाही.

बदलता येईल. प्लग काढा, पाणी बंद करा, नळीची काच उघड्या बोटांनी धरू नका (बोटांचं तेल काचेवर भाजून डाग पडतो आणि किरण अडतात), क्वार्ट्झची बाहेरची बाही पातळ व्हिनेगरने पुसून क्षार काढा. नवी नळी नळकांड्यात बसवून झाकण लावल्याखेरीज वीज जोडायची नाही. नळी चालू आहे का बघायला ती बाहेर काढून पेटवणं, हा तर वरच्या दुकानदारांचाच प्रकार झाला. जुनी नळी फुटली तर खिडक्या उघडून 15 मिनिटं खोलीबाहेर थांबा, काचा जाड कागदाने गोळा करा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. आत पारा असतो.